सवतीची किंमत

१० जानेवारी

श्री. भावजी यांना,
नमस्कार.

इतकी वर्षं तुमच्या वाढदिवसाच्या कार्डावर 'प्रिय भावजी' लिहीत आले. आज पेन त्या शब्दाशी अडून बसलं, म्हणून 'श्री.'वर भागवते आहे. इकडे सगळं ठीक. तिकडेही असेलच, तुमचं काय बिघडायचंय?

फोनवर बोलायचं नाही, काय ते लिहून ठरवायचं, ही बाबांची अट तुमच्याही कानावर आली असेल. गेल्या वेळी आपण दोघं फोनवर असे तुटून पडलो की बाबांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हं, आता चालू द्या." सासऱ्यांसमोर इतकी लाज मला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती.

त्यानंतर त्यांनी जो निकाल दिला तो त्यांच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे उद्या तुम्ही कानावर हात ठेवायला नको. "घरात कलिंगड आणलं की दोघा पोरांत भांडण व्हायचं. मी नियम केला होता, एकानं कापायचं आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. थोरला कापायचा, धाकटा उचलायचा. आता थोरला नाही, तर त्याच्या जागी सूनबाई कापेल. गाडीचा आकडा ती सांगेल. त्या आकड्याचे निम्मे देऊन गाडी घ्यायची, की निम्मे घेऊन गाडी सोडायची, ते धाकट्यानं ठरवायचं. आणि मग हा विषय माझ्यासमोर मेला पाहिजे."

तर मी कापते आहे. सुरी हातात घेतली आहे एवढंच सध्या कळवते.

गाडी खिडकीखाली जिथं होती तिथंच आहे, ताडपत्रीखाली. तुम्ही दोघा भावांनी माझ्या लग्नाच्या आधी पै पै जमवून घेतलेली, कागदावर दोघांची नावं असलेली, पांढरी, दोन दारांची, टर्बोवाली जपानी गाडी. मी तिला 'सवत' म्हणायची. हा विनोद मी घरात केला होता, तुम्ही तो सगळ्या नातेवाइकांत वाटत फिरलात. असो. सवत तर सवत, तिची किंमत काढायची म्हणजे आधी तिला नीट बघायला हवं, म्हणून गेला महिनाभर मी लोकांना बोलावून तिला दाखवते आहे. मुलगी दाखवायचा कार्यक्रम म्हणतात तो याहून बरा असावा.

आधी मी इंटरनेटवर भाव बघितले. ते मागणाऱ्यांचे भाव. देणाऱ्यानं शेवटी काय दिलं हे कुठंच लिहिलेलं नसतं. सारखीच गाडी, सारखंच वर्ष, आणि एकाच्या मागण्यात दुसऱ्याच्या दोन गाड्या येतील. मग जुन्या गाड्यांचा दलाल बोलावला. बुटाला धूळ लागू नये म्हणून तो टाचा उचलून चालत होता. म्हणाला, "नाव मोठं आहे हिचं, ताई, पण." त्या 'पण'नंतर त्यानं मागच्या चाकांवरचा पत्रा टिचक्या मारून बघितला, दारांखालून हात फिरवला, खाली वाकून गंज शोधला. डाव्या बाजूला पुट्टी भरलेली आहे हे त्याला दिसलं नाही. मला बोटांना कळलं. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते, भावजी. हिरडीच्या साच्यावरचा केसाएवढा उंचवटा शोधायचा पगार मला मिळतो. मी गप्प बसले.

दलालानं एक गोष्ट मात्र खरी सांगितली. या जातीच्या गाड्या बऱ्याच होत्या, पण पोरांनी कापून, वाकवून, मागं मोठाले पंख लावून त्यांची वाट लावली. कंपनीतून आली तशी राहिलेली गाडी आता शोधून सापडत नाही. "जिच्यावर कुणी अक्कल चालवली नाही, ताई, तिला भाव." तुमच्या दादाला मी इतकी वर्षं म्हणत होते, काहीतरी बदल कर त्या डब्यात, निदान रंग तरी. तो नुसता हसायचा.

मग चालू करून दाखवायची वेळ आली. इंजिनात आवाज आहे. दलालानं मान वाकडी करून ऐकलं आणि त्याचा चेहरा एकदम दुखवट्याचा झाला. "इंजिन उघडायला लागेल."

"उघडायचं नाही," मी म्हटलं.

"मग मी डोळे मिटून भाव कसा सांगू?"

"मघाशी उघड्या डोळ्यांनी सांगत होतात तसाच."

त्यानं नऊ लाख सांगितले. पाठोपाठ एक डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे. सभ्य गृहस्थ. गाडीभोवती फिरले, आत बसले, दार लावलं, उघडलं, परत लावलं, आणि त्या आवाजावर असे हसले की मला तुमच्या दादाची आठवण झाली. ते म्हणाले, "माझा माणूस पाठवतो, इंजिन उघडून बघू. आतून ठीक निघालं तर बावीस देतो. न उघडता मीही नऊच्या वर जाणार नाही." त्यांनाही मी नाही म्हटलं. का, हे त्यांनी विचारलं आणि तुम्हीही विचाराल. माझी मर्जी.

म्हणजे आज सवतीचा भाव नऊपासून बावीसपर्यंत कुठंही आहे, आणि मधलं सगळं अंतर त्या एका आवाजाचं आहे. तुमचा दादा दवाखान्यात गेल्यावर तो आवाज सुरू झाला. तुम्ही तो ऐकलेला नाही. ऐकायला इथं यावं लागतं. दवाखान्यात तुम्ही एकदाही आला नाहीत, निरोपाच्या दिवशी थेट स्मशानात आलात आणि तिकडूनच परस्पर गेलात. त्या आधी शेवटचं या दारात आला होतात ते गाडीला कसलीतरी साधी चाकं चढवून मूळची चारही 'पॉलिश करून आणतो' म्हणून न्यायला. अजून पॉलिशच चाललंय वाटतं. कुठला आरसा करताय त्यांचा?

एक विचारते, आणि सरळ विचारते. ही गाडी तुम्ही दोघांनी मिळून हातानं उघडली, जोडली. मी नुसती खिडकीतून ओरडायची. तेव्हा या गाडीबद्दल मला माहीत नसलेलं, पण आकड्यात फरक पडेल असं काही तुम्हाला ठाऊक असेल, तर ते आत्ता लिहा. एक ओळ पुरे. मी ती कुणाला दाखवणार नाही आणि त्यावरून तुम्हाला बोलही लावणार नाही.

मला गाडी विकायची आहे. विकून मोकळी व्हायचं आहे. म्हणून एवढा खटाटोप.

उत्तर बाबांच्या पत्त्यावर पाठवू नका, ते पाकीट उजेडात धरून वाचायला बघतात.

कळावे,
कागदोपत्री अजून तुमची,
वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. एवढं लांबलचक लिहायला वेळ मिळतोय म्हणजे लोकांचे दात हल्ली टिकतात असं दिसतंय.

मी लेथवर काम करणारा माणूस. मला तुमच्यासारखं गोड बोलून चिमटे काढता येत नाहीत. जे आहे ते लिहितो.

गाडी माझी आहे. निम्मी कागदावर आणि सगळी मनानं. दादा आणि मी तिच्याखाली झोपून जेवढे तास काढले तेवढे त्यानं तुमच्या शेजारी बसून काढले नसतील, आणि हे तुम्हालाही टोचायचं म्हणून तर तुम्ही तिला सवत म्हणायचात. 'एक तर हा डबा जाईल नाहीतर मी' असं तुम्ही त्याला माझ्यासमोर म्हणाला होतात. त्यानंतर ती ताडपत्रीखाली गेली. दर वेळी मी आलो की दादा ताडपत्रीचा कोपरा उचलून तिला बघायचा आणि परत झाकायचा, चोरासारखा. स्वतःच्या घरात. आणि आता तुम्ही तिची किंमत करणार? तुम्हाला ती चालू कुठून होते हे तरी ठाऊक आहे का?

दवाखान्याचं म्हणाल तर नाही आलो. दादाला तसं पडलेलं बघणं माझ्याच्यानं झालं नसतं. भित्रा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. त्याबद्दल मी तुम्हाला हिशेब देणं लागत नाही.

चाकं माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील. गाडी घेतली तेव्हा तिच्यावर ती नव्हतीच, मूळची म्हणून मी शोधून आणली होती, माझ्या पगारातून. आकड्यात धरू नका.

आता मुद्द्याचं. इंजिन उघडू देत नाही म्हणता, 'माझी मर्जी' म्हणता. मर्जी कसली? आत काय निघेल ते तुम्हाला पक्कं माहीत आहे म्हणून उघडत नाही. इंजिन बसलंय. गार असताना टिकटिक करते आणि तापली की आवाज लपतो, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तापवून ठेवत असाल. असली लपवाछपवी बाजारात चालते, माझ्यापुढं नाही. खालची बेअरिंगं गेलेली आहेत. म्हणजे आता गाडीचा नुसता सांगाडा राहिला, तो पत्र्याच्या नि काचांच्या भावानं जाईल. तुमचा तो दलाल नऊ म्हणाला हेच पुष्कळ म्हणाला. मी असतो तर सहा म्हटलं असतं.

तुम्हाला तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जे होतं ते दादाला माहीत होतं.

बाबांचा नियम मला मान्य. कलिंगड दादा कापायचा आणि मी उचलायचो, आणि वहिनी, एकदाही मी लहान फोड उचललेली नाही. माझी नजर लहानपणापासून पक्की आहे. तुम्ही कापलंत म्हणून ती अधू होणार नाही. जास्त आकडा टाकलात तर निम्मे मोजून घेईन आणि ते भंगार तुमच्या गळ्यात राहील. कमी टाकलात तर दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन येईन. बघा काय झेपतंय ते.

दादा असता तर ही वेळ आलीच नसती. त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली असती आणि वर म्हणाला असता, जपून चालव रे.

— भावजी


१९ फेब्रुवारी

भावजी,

'श्री.' पण राहू दे आता.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं वाचलं. दुसऱ्यांदा एका ओळीपाशी थांबले आणि मग रागाची जागा कशानं घेतली ते पुढे लिहिते.

तुम्ही चिडून जे लिहिलंत त्यातलं पुष्कळसं खरं आहे. 'एक तर डबा नाहीतर मी' हे मी म्हणाले होते. ताडपत्री मीच आणली होती. कोपरा उचलून बघायचा तेही मला दिसायचं, खिडकी त्याच बाजूला आहे. तुम्हाला वाटलं तसा तो चोरासारखा नव्हता हो. त्याला ठाऊक असायचं की मी बघतेय, आणि मग तो मुद्दाम तिला हळूच म्हणायचा, "झोप, झोप, ती जागी आहे." आमचं असं चालायचं. नवरा-बायकोत काय चालतं ते दिराला ताडपत्रीवरून कळत नाही.

ती चालू कुठून होते हे मला ठाऊक आहे. आता ऐका कसं ते.

दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, बॅटरी उतरेल, रविवारी चालू करत जा. मी नाक मुरडलं. मग म्हणाला, मला ऐकव. म्हणून दर रविवारी सकाळी मी बॉनेट उघडून आत फोन धरायची आणि तो तिकडं खाटेवर पडून ऐकायचा. सलाईनच्या नळ्या, शेजारच्या पेशंटचा खोकला, आणि कानाला लावलेलं आपलं इंजिन. 'आपलं' लिहून गेले, असू दे. एका रविवारी नेहमीच्या घरघरीत काहीतरी खट् खट् व्हायला लागलं. मी घाबरले. म्हटलं, मीच काहीतरी मोडलं. तो म्हणाला, "हत्यारांच्या पेटीतला सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर घे. टोक इंजिनावर टेकव आणि मुठीला फोन लाव." तुम्ही दोघं असंच ऐकायचात ना, मुठीला कान लावून? मला तेव्हा ते वेड्यांचं लक्षण वाटायचं. मी टोक इथं टेकव, तिथं टेकव करत होते आणि तो डॉक्टरांसारखं "अजून डावीकडे, अजून वर" सांगत होता. धाप लागायची त्याला. मधेमधे थांबायचा.

मग इंजिनाच्या कुशीला धुराचा जाड लोखंडी नळ बोल्टांनी बसवलाय तिथं टोक टेकलं आणि तो हसायला लागला. इतका हसला की खोकला आला आणि नर्स त्याला रागावल्याचं मला ऐकू आलं. म्हणाला, "धाकट्याचा बोल्ट गेला वाटतं."

आता तुम्ही पत्र खाली ठेवू नका. वाचा.

मला त्यानं सगळं सांगितलं. मूळचा बोल्ट तुमच्या हातून तुटला होता. नवा जपानहून मागवायला हवा होता आणि तुम्हा दोघांना दुसऱ्या दिवशी घाटात गाडी न्यायची होती. तेव्हा तुम्ही कारखान्यात जाऊन लेथवर साध्या लोखंडाचा एक बनवलात, बसवलात, आणि दादाला सांगितलंत की नशीब, एका दुकानात मूळचाच मिळाला. मूळच्या बोल्टच्या डोक्यावर खूण असते. तुमच्या बोल्टवर ती नव्हती. त्यानं त्याच दिवशी फडक्यानं पुसताना बघितलं होतं.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"इतका सुरेख बनवला होता गं. आटे बघायला हवे होतेस. काढून टाकायला जीव होईना."

आणि मग मला बजावलं. इंजिनाला कुणाला हात लावू देऊ नकोस. बाहेरचा माणूस येईल, जोर लावेल आणि बोल्ट इंजिनाच्या हेडमध्ये मोडून ठेवेल, म्हणजे मग खरंच मोठं काम निघेल. धाकट्याला माहीत आहे तो किती घट्ट केलाय ते. तो येईल दवाखान्यात तेव्हा मी त्याला सांगतो. "आणि हे बघ, मला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस. मी आपला नुसतं म्हणेन, आवाज येतोय, बघ जरा. लाजेल बिचारा."

तुम्ही आला नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी फोन नर्सनं धरला होता आणि तिकडून काही बोलणं आलं नाही. मी तरी इंजिन नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू ठेवलं.

म्हणून उघडू दिलं नाही मी. दलालाला नाही, डॉक्टरांना नाही. त्या मर्जीमुळे बावीसाचे नऊ होत होते तरी नाही. आणि तुम्हाला का नाही कळवलं, तर तो सांगू नको म्हणाला होता म्हणून, आणि दुसरं असं की माझा तुमच्यावर भरवसा नव्हता. इंजिन उघडायचं तुम्ही, आत काय निघालं ते मला सांगायचं तुम्ही, आणि मी सांगेन त्या आकड्यावर गाडी उचलायची तीही तुम्हीच. 'बसलंय' म्हणालात की मी कशाच्या आधारावर नाही म्हणणार होते?

तरी विचारलं. आकड्यात फरक पडेल असं काही ठाऊक असेल तर लिहा म्हटलं. एक ओळ मागितली होती. तुम्ही लिहिलंत, खालची बेअरिंगं गेली.

आणि त्याच्या जरा आधीच लिहिलंत, गार असताना टिकटिक करते आणि तापली की आवाज लपतो. भावजी, माझ्या पत्रात नुसतं 'आवाज' लिहिलं होतं. कसला, कधी, काही नव्हतं. तुम्ही इथं शेवटचे आलात तेव्हा तो आवाज जन्मालाही आला नव्हता. मी बाहेर जाऊन गार गाडी चालू केली आणि तापेपर्यंत बॉनेटपाशी उभी राहिले. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. तो बोल्ट एक दिवस ताणून सैल पडणार आणि त्या फटीतून धूर निसटताना नेमका असाच वाजणार, हे बनवणाऱ्यालाच माहीत असणार. ते वाचून माझा राग गेला. त्या जागी शिसारी आली, तेवढंच. सख्ख्या भावाच्या बायकोला तुम्ही स्वतःच्याच बोल्टच्या जोरावर सहा लाखांत गुंडाळायला निघालात.

'जे होतं ते दादाला माहीत होतं' असंही लिहिलंत. होतं. तुम्हाला वाटत होतं त्याहून जास्त होतं.

कलिंगडाचंही सांगून टाकते. तुमच्या पक्क्या नजरेचं मी बाबांपाशी कौतुक केलं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अगं, थोरला मुद्दाम वाकडं कापायचा. मोठी फोड धाकट्याच्या बाजूला वळवून ठेवायचा. पोरगं आपण जिंकलो म्हणून घरभर नाचायचं, ते याला बघायचं असायचं." तुमची नजर कसली पक्की, त्याचा हात हलका होता. दादा असता तर त्यानं किल्ली हातात ठेवली असती असं म्हणता. असतीच ठेवली. मी ठेवणार नाही. मी सरळ कापते.

आकडा बावीस लाख. चाकं धरलेली नाहीत, ती लखलाभ. पुट्टीचे पैसे वजा केलेले नाहीत, कारण डॉक्टरांनाही ती दिसली नाही. हत्यारांच्या पेटीतला लांब स्क्रूड्रायव्हरही धरलेला नाही, तो कुणाचीही गाडी झाली तरी माझ्याकडे राहील.

आता तुमची पाळी. अकरा देऊन गाडी न्या, नाहीतर अकरा घेऊन ती सोडा. इंजिन बसलंय असं खरंच वाटत असेल तर सोडाल, कारण सांगाड्याला अकरा कोण देतं? आणि सोडलीत तर तुम्हाला द्यायला माझ्यापाशी अकरा नाहीत हे आत्ताच सांगते. बँकेत बोलून आले आहे. पुढची कित्येक वर्षं मी बनवलेल्या कवळ्यांनी बँकच चावेल.

गाडी विकायची आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला ती हवी आहे. किती हवी आहे हे मला तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, पण तुम्ही इतकं लपवून काय मिळवलंत ते बघितल्यावर माझी हौस फिटली. तो गेल्यावरही मी रविवारी तिला चालू करत राहिले. मग एकदा फाटकाबाहेर काढली. मग गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर. तिथं पाय जरा जास्त दाबला तर आधी काहीच होत नाही, आणि मग एकदम ती मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते, पाठ सीटला चिकटते आणि हसू फुटतं, आवरत नाही. ज्या गोष्टीवरून मी त्याच्याशी सगळा संसार भांडले ती गोष्ट ही होती. मला आता कळली. सांगायला तो नाही. तुम्हाला सांगावी लागते आहे याचा मला किती संताप येतो ते लिहून कळणार नाही.

बोल्ट मात्र तुम्हीच काढायचा. गाडी तुमची झाली तरी, माझी झाली तरी. मी बोलावते म्हणून नाही, त्यानं सांगितलं होतं म्हणून. दार उघडेन. चहा विचारणार नाही. काढलेला बोल्ट मला आणून दाखवायचा, त्याचे आटे मला बघायचे आहेत.

लाजेल बिचारा, म्हणाला होता. त्याला दिलेला शब्द मी आज मोडला, तो एवढ्याचसाठी की निदान एकदा तरी तुम्ही लाजावं आणि ते मी समोर उभी राहून बघावं.

शनिवारी या. रविवारी सकाळी मी घरात नसते, गाडीत असते.

त्याची बायको,
आणि सवतीची निम्मी मालकीण